टँकमधली लाल हळद

आमच्या सोसायटीत स्विमिंग टँक होणार आणि तो मिठाच्या पाण्याचा होणार हे ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त चर्चा मिठाचीच झाली. खडे मीठ घालायचं की आयोडिनचं, अंग खाजेल का, केस गळतील का, पोरं काळी पडतील का. तिसऱ्या मजल्यावरचे रत्नागिरीचे गृहस्थ म्हणाले, "मीठ घालून समुद्र होत नाय हो, वास कुठून आणणार?" मोशीत नदीच्या अंगाला जिथे पूर्वी ज्वारी उभी असायची, तिथे आता आमच्यासारख्या चार जिल्ह्यांतून आलेल्या लोकांचे फ्लॅट आहेत. त्यामुळे मीटिंगमध्ये एका प्रश्नाला चार जिल्ह्यांची उत्तरं मिळतात आणि चहा थंड होतो.

मी त्या मीटिंगमध्ये उठून सांगितलं की मिठाच्या टँकमध्ये क्लोरिन नसतं ही समजूत चुकीची आहे. मीठ त्यासाठीच घालतात. यंत्र त्या मिठातूनच थोडं थोडं क्लोरिन बनवत राहतं आणि मीठ आमटीतल्यापेक्षाही कमी लागतं. चेअरमन म्हणाले, "पण ताई, माहितीपत्रकात तर केमिकल-फ्री लिहिलंय." मी म्हटलं, माहितीपत्रकात तर आपल्या गच्चीवरून डोंगर दिसतो असंही लिहिलंय. लोक हसले, आणि त्या दिवसापासून मी सोसायटीची पाण्यातलं कळणारी बाई झाले.

पाण्यातलं मला कळतं ते पोटासाठी. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग रंगवतात. रंगाआधी ते भाग एकामागून एक टँकमधून बुचकळून काढावे लागतात, आणि त्या प्रत्येक टँकचं पाणी तपासायचं काम लॅबमध्ये माझं. पाणी बिघडलं की रंग धरत नाही, आणि रंग धरला नाही की सगळी शिफ्ट लॅबच्या दारात येऊन उभी राहते. नवरा गेल्यावर मी या कामाला लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. घरी मी आणि सासूबाई. त्या धाराशिवकडच्या, आणि आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्याही विधवाच. त्यांचं वैधव्य माझ्या वैधव्यापेक्षा जुनं आणि कडक. हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन कुणी दारात आलं की त्या अजूनही आतल्या खोलीत जातात.

नवा टँक बाळंतिणीसारखा असतो, त्याला पहिले काही आठवडे एकटं सोडून चालत नाही. आतला सिमेंटचा गिलावा ओला असतो आणि पाणी भरलं की तो पाण्यात चुना सोडत बसतो. त्यामुळे पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलंय की चुन्याकडे हे सांगणारा आकडा, रोज वर चढतो. रोज बेताबेताने ॲसिड घालून तो खाली आणायचा, भिंती ब्रशने घासायच्या आणि गिलावा पक्का होईपर्यंत मिठाला हातसुद्धा लावायचा नाही. हे सगळं ठेकेदाराच्या माणसाने करायचं होतं. तो टँक भरून, ॲसिडचे कॅन पंपरूममध्ये ठेवून, चेअरमनच्या हातात किल्ली देऊन निघून गेला. पाणी तपासायची कागदी पट्टी बुडवून पाहिली तर रंग थेट वरच्या टोकाला. मी चेअरमनना म्हटलं, पाडव्याला उद्घाटन नको, पाणी अजून चुन्याचं आहे. ते म्हणाले, "ताई, पूजा तर करायची आहे, पोहायचं थोडंच आहे? सगळ्यांना मेसेज गेलेत."

पाडव्याला जलपूजन ठरलं. पूजेला चेअरमनची बायको बसणार होती, पण ऐन सकाळी तिला अडचण आली. दुसरा मान गावातल्या काकूंचा. आमची सोसायटी उभी आहे ती त्यांच्या सासऱ्यांची जमीन. त्या पाहुण्यांकडे गेल्या होत्या आणि चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या. गुरुजी घड्याळ बघत होते, कारण त्यांना पुढे आणखी तीन दुकानं आणि एक गाडी उरकायची होती. ते म्हणाले, "कुणीतरी एक पुढे या, मुहूर्त टळतोय." सगळ्या जणी एकमेकींकडे बघू लागल्या. पहिलं पाऊल टाकायला आपल्याकडे नेहमी कुणीतरी दुसरी लागते. मी टँकच्या अगदी कडेला, पाण्याच्या पट्ट्या हातात घेऊन उभी होते. गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, "या, तुम्ही या."

गुरुजींना ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. अशा वेळी मी काय करते हेही मला माहीत होतं. मी हसून मागे सरकते, कुणाला लक्षातही येणार नाही अशी. इतकी वर्षं सरकतच आले होते. त्या दिवशी का कोण जाणे, पाय हलला नाही. मनात आलं, या पाण्याकडे बघणारी इथे मी एकटी आहे, मग पूजा मी का करू नये? मी पट्ट्या पर्समध्ये टाकल्या आणि पुढे झाले.

टँकच्या काठाला हळदीची पाच बोटं ओढली, कुंकू लावलं, चिमूटभर हळद पाण्यात सोडली, फुलं सोडली, नारळ वाढवला. तेवढ्यात काकू पोचल्या. धापा टाकत काठाशी आल्या, वाकल्या आणि ओरडल्या, "आगं बया! हळद लाल झाली की!"

खरंच झाली होती. काठाच्या फरश्यांमधलं सिमेंट ओलं होतं, तिथली बोटं तर रक्तासारखी दिसत होती. पाण्यातली हळद नारिंगी-लालसर होऊन पसरत होती. काकूंनी विचारलं, "पूजा केली कुणी?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माना वळल्याचा आवाज येत नाही म्हणतात, मला तो आला.

त्यानंतर मला तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. सगळं लिफ्टमध्ये चालायचं. मी आत शिरले की विषय पाण्याच्या टँकरवर जायचा. एका बाईने मला मायेने सांगितलं, "तुमचं काही चुकलं असं नाही हो, पण काही गोष्टी पाळलेल्या बऱ्या असतात." मी तिला विचारलं, "तुमच्या मुलाच्या शर्टावर वरणाचा डाग पडतो ना? त्याला साबण लावला की काय होतं?" ती म्हणाली, "लाल होतो." "का होतो?" "हळदीला साबण लागला की होतोच." "मग साबणासारखंच सिमेंट. आणि कुंकू कशाचं करतात? हळदीचंच ना?" ती लिफ्टच्या बटणांकडे बघत म्हणाली, "ते वेगळं."

त्या 'ते वेगळं'ने मला जितका संताप आला तितका माना वळल्याचाही आला नव्हता. माहीत नसतं तर शिकवलं असतं. लॅबमध्ये नव्या मुलींना मी हेच तर शिकवते. पण इथे प्रत्येकीला माहीत होतं. प्रत्येकीच्या मोरीत दर आठवड्याला हळद लाल होत होती आणि तिथे कुणी नवऱ्याची चौकशी करत नव्हतं. सिमेंटचा गुन्हा, शिक्षा मला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

आत्यांना खालून कळलं होतंच. मी कामावरून आले तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कशाला पुढं पुढं करायलीस गं? आता बस जनाची बोलणी खात."

"आत्या, मी काय चुकीचं केलं?"

"चुकीचं न्हाई केलं. पर बरुबर केलं म्हनून कोन सुखानं ऱ्हायलंय?"

त्यांचा माझ्यावर राग नव्हता, भीती होती. उभा जन्म दाराआड काढलेल्या बाईला दुसरं काय वाटणार? पण त्या दिवशी मला त्यांची दया आली नाही, रागच आला. मी जेवलेसुद्धा नाही.

दोन-तीन दिवसांनी चेअरमन घरी आले. भला माणूस, पण त्याला सगळ्यांशी गोड राहायची खोड आहे. चहा घेतला, कंपनीची चौकशी केली, ओव्हरटाइम मिळतो का विचारलं. मग म्हणाले, "ताई, ते पाणी तुम्हीच बघा. आमच्यात दुसऱ्या कुणाला कळत नाही. अक्षय्य तृतीयेला सुरू करूच. आणि त्या दिवशी पुन्हा एक छोटी पूजा ठेवतोय. पाच सवाष्णी बसवू, काकू पुढे राहतील. लोकांचं समाधान."

"आणि मी?"

"तुम्ही आहातच की. पंपरूमकडे, पाण्याचं बघायला."

मी हो म्हटलं. ते गेल्यावर ॲसिडच्या कॅनची आठवण झाली आणि एक दुष्ट विचार मनात आला. तो इथे सांगून टाकते. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं स्वस्थ बसायचं. ॲसिड घातलं नाही की पाणी चुन्याचंच राहील, आणि अक्षय्य तृतीयेला पाच सवाष्णींच्या पाच चिमटी हळद सगळ्यांसमोर लालभडक होईल. मग बघू कुणाच्या माना कुठे वळतात. एक अख्खी संध्याकाळ मी त्या चित्राचा आनंद लुटला. पण टँकमध्ये पोरं उतरणार होती. पीएच चढलेल्या पाण्यात क्लोरिन असून नसल्यासारखं असतं आणि डोळ्यांची आग होते ती वेगळीच. माणसांचा राग पाण्यावर काढायचा नाही, एवढी अक्कल चाकणच्या नोकरीने मला दिली आहे.

म्हणून मी कामाला लागले. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी आणि संध्याकाळी उतरल्यावर मी खाली टँकवर. आधी बादलीत पाणी, मग त्यात ॲसिड, उलटं कधीच नाही. पंप चालू ठेवून ती बादली काठाकाठाने, चालत चालत सोडायची. एका जागी ओतलं तर तिथला गिलावा खाऊन टाकतं. मग ब्रश. भिंतीवरून पांढरी भुकटी ढगासारखी सुटायची. आकडा खाली यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलेला असायचा. सिमेंट हट्टी आणि मीही. टँकरचं पाणी मुळातच जड, त्यामुळे जपून खेळावं लागत होतं, नाहीतर यंत्राच्या पत्र्यांवर किटलीसारखा थर बसला असता. बाल्कनीतून लोक बघायचे. लिफ्टमध्ये गप्प राहणारी एक जण वरून ओरडली, "ताई, अजून किती दिवस?" मी ब्रश न थांबवता म्हटलं, "सिमेंटला विचारा."

हळूहळू त्याचा हट्ट उतरला. आकडा दोन-दोन दिवस जागचा हलेना. मग मिठाच्या गोण्या आल्या. उथळ बाजूने मीठ टाकून ते विरघळेपर्यंत ब्रशने फिरवत राहिले. रत्नागिरीचे गृहस्थ खाली आले, बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, "ह्यात बांगडा जगायचा नाय." यंत्र सुरू केलं. चार दिवसांत पाणी असं झालं की खोल बाजूच्या तळाला पडलेलं नाणंही वाचून घ्यावं. इतकं सुंदर पाणी मी कंपनीतही कधी केलं नव्हतं. मला माझा अभिमान वाटला, आणि तो मी लपवणार नाही.

त्याच संध्याकाळी काचेच्या ग्लासात ते पाणी घरी आणलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून चिमूटभर हळद टाकली. पिवळी. ढवळली, तरी पिवळी. मी आनंदाने आत्यांना हाक मारणार होते, आणि मारली नाही. कारण तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अक्षय्य तृतीयेला काकू हळद टाकणार आणि ती अशीच पिवळीधमक राहणार. लोक म्हणणार, बघा, सवाष्णीच्या हाताने कशी पिवळी राहिली! विधवेच्या हाताने लाल, सवाष्णीच्या हाताने पिवळी. महिनाभर घासून घासून मी स्वतःच्याच विरुद्ध पुरावा तयार केला होता. आयत्या बिळावर नागोबा ऐकले होते, इथे बीळही मीच खणून दिलं होतं. मी ग्लास मोरीत ओतला आणि ओट्याला टेकून रडले. दुःखाने नाही, चिडून रडले.

आत्या दारात उभ्या होत्या. त्यांना काय समजलं, किती समजलं, देव जाणे. म्हणाल्या, "पूजेच्या दिशी घरीच बस. माझ्याजवळ."

मी म्हटलं, "नाही बसणार."

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी उन्हाने फरशी आधीच तापली होती. टँकभोवती सगळी सोसायटी. पाच सवाष्णी नऊवारी-सहावारीत, नाकात नथी, काकू मधोमध चांदीचं ताट घेऊन. गुरुजी तेच. मी पंजाबी ड्रेस घालून पंपरूमच्या दाराशी उभी होते, सांगितल्याप्रमाणे. आत्या खाली येऊन लांबच्या बाकावर बसल्या होत्या. मी घरी बसले नाही म्हणून त्याच आल्या होत्या, माझ्यावर लक्ष ठेवायला. मंत्र सुरू झाले. काकूंनी हळदीची चिमूट उचलली.

मी चपला काढल्या, ओढणी पंपरूमच्या कडीला अडकवली आणि लोकांमधून वाट काढत उथळ बाजूच्या पायऱ्यांशी गेले. पहिली पायरी, दुसरी पायरी. आमच्या गावाकडे कमरेइतक्या पाण्यात कधी कुणी उभं राहिलेलं नाही, तेवढं पाणी नव्हतंच. त्यामुळे पाणी पोटाला लागलं तेव्हा जीव घाबरला. पाय तळाला आहेत की नाहीत तेच कळेना. तरी चालत राहिले. छातीपर्यंत पाणी आलं तशी वळले आणि काकूंकडे बघून म्हटलं, "टाका हळद."

गुरुजी थांबले. चेअरमन काठाशी धावले. "अहो ताई, हे काय! बाहेर या. कॉस्च्युमशिवाय उतरायचं नाही, बोर्ड लावलाय."

"बोर्डाचा दंड भरीन. पूजा होऊ द्या."

"अहो, पण पूजेआधी पाण्यात..."

"पाण्याला काय झालं? बाटलं का? मग काढून टाका सगळं. पुन्हा टँकर बोलवा, पुन्हा भरा. आणि आकडाही तुम्हीच उतरवा."

मोशीत त्या दिवसांत प्यायच्या टँकरलाही नंबर लागत होते. टँक रिकामा करायचं नाव काढलं असतं तर चेअरमनना लोकांनीच आत ढकललं असतं. मी काठावरच्या सगळ्यांकडे वळले. म्हटलं, "त्या दिवशी माझा नुसता हात लागला होता. आज मी अख्खी आत आहे. आता बघा, हळद कुठला रंग घेते."

काकूंची चिमूट तशीच हवेत होती. त्या एकदा माझ्याकडे बघत होत्या, एकदा गुरुजींकडे, आणि गुरुजी पोथीकडे. तेवढ्यात लांबच्या बाकावरून आवाज आला. आत्या उठून उभ्या राहिल्या होत्या. उभ्या जन्मात चारचौघांत ज्या बाईचा आवाज मी ऐकला नव्हता ती ओरडून म्हणाली, "टाका की वो हळद! मुहूर्त चाललाय. ती काय बाहेर निघायची न्हाई, मी वळखते तिला!"

काकूंनी हळद टाकली. ती पाण्यावर पसरली, पंपाच्या ओढीने हळूहळू माझ्याकडे सरकत आली, आणि माझ्या छातीभोवती, कुडत्याच्या बाह्यांभोवती गोळा झाली. पिवळी. उन्हात तर जास्तच पिवळी. मी ओंजळीत ते पाणी उचलून धरलं आणि हवा तितका वेळ बघू दिलं.

काकू काठाशी खाली बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, बसायला वेळ लागला. ताट बाजूला ठेवलं, पाण्यात हात घातला, हळद बोटांवर घेऊन उन्हात धरून पाहिली. मग लुगड्याला हात पुसत, कुणाची पर्वा न करता, मला विचारलं, "मंग त्या दिशी लाल कशानं झाली गं?"

महिन्याभरात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लिफ्टमध्ये नाही, मीटिंगमध्ये नाही, घरीसुद्धा नाही. पूजा कुणी केली एवढंच सगळ्यांना हवं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण टँकमधलं पाणी तोंडावर मारलं, म्हणून कुणाला दिसलं नाही. मी सांगितलं. गिलावा कसा असतो, चुना कसा सुटतो, हळद त्याने कशी लाल होते, सगळं सांगितलं. छातीभर पाण्यात उभी राहून, शेवटच्या बाल्कनीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. आणि सांगून झालं तरी बाहेर आले नाही.